कुणाची पाळी?

बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायका दिवसभर उभ्या असत. 'त्या' दिवसांतही. बसायला स्टूल मागावं तर कारण सांगावं लागणार, आणि ते सांगायला कुणाची जीभ रेटत नव्हती. शेवटी मानवशास्त्र शिकलेल्या एका संशोधिकेने मॅनेजरसाहेबांकडून जेवणाची एक सुट्टी मागून घेतली. बायकांचं दुखणं बायकांच्याच तोंडून ऐकायचं, असा तिचा बाणा. 'अडचण', 'प्रॉब्लेम' असले आडपडदे तिला मान्य नव्हते. तिने आपल्याला दिलेल्या खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून टाकलं, 'पाळीच्या त्रासाबद्दल मोकळेपणाने बोला.'

सुट्टी झाली आणि दारात रांग लागली. सगळे पुरुष.

भट्टीवाला पुढे सरसावला. "बाई, माझी पाळी दर आठवड्याला बदलते."

"तुमची?"

"मग काय शेजाऱ्याची? पोट बिघडतं, कंबर धरते, चिडचिड होते. बायको जवळ फिरकत नाही."

"आणि... चुकली तर?"

"साहेब जीव खातात."

संशोधिकेने पेन खाली ठेवलं. कारखान्यात पाळी म्हणजे आधी रातपाळी, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. पॅकिंगच्या बायका पुरुषांची रांग बघून दारातूनच मागे वळल्या होत्या. मिनतवारीने मिळवलेली सुट्टी वाया चालली होती. तिला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात गर्दी बघून साहेब धावत आले. त्यांना संपाचा वास आला होता. "पाळीवरून एवढा गोंधळ? हवंय काय तुम्हाला?"

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. मागे वळलेल्या बायकांमधून पॅकिंगच्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पाळीत उभं राहून पाय मोडून येतात. बसायला स्टुलं द्या. मध्ये जरा पाठ टेकू द्या."

"अगदी बरोबर," भट्टीवाला म्हणाला. रांगेने माना डोलावल्या.

"दिली, उद्यापासून." साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "पण कुठल्या पाळीला? दिवसाच्या की रात्रीच्या?"

"जिची येईल तिला," मावशी म्हणाल्या.

साहेबांच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. मग त्यांचे कान लाल झाले. पण सगळ्यांसमोर दिलेला शब्द गिळायचा कसा? ते घड्याळाकडे बघत निघून गेले, आणि संशोधिकेचा जीव भांड्यात पडला. बायका तोंडावर हात ठेवून हसत आत शिरल्या. एकदा हसू फुटल्यावर तोंडंही उघडली.

भट्टीवाला मात्र दारातच घुटमळत होता. "बाई, माझ्या पाळीचं राहिलंच की."

"थांबा हो जरा," म्हणत मावशींनी दार लोटलं. "आता आमची पाळी."