शिरा पंचवीस जणांचा

जनावरांच्या खाद्याच्या बाबतीत मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. लखनऊला मलिहाबादच्या रस्त्यावर आमचा पशुखाद्याचा सरकारी कारखाना होता. तिथे मी माल तपासायचो, आणि माझ्या हाताखालून एकही खराब पोतं म्हशीपर्यंत पोहोचलं नव्हतं. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी असली तर मला पोत्याची शिवण उसवायच्या आधीच कळायचं. कोंड्यात वाळू असली तर दाताखाली लागायची. हो, मी चाखून बघायचो! म्हैस खाते, मग मला काय झालं?

म्हैस खाते ते दुधात उतरतं. दूध चहात जातं, खव्यात जातं, लेकरांच्या पेल्यात जातं. म्हणजे म्हशीची गव्हाण हेच गावाचं स्वयंपाकघर. हे वाक्य मी दर मीटिंगला बोलायचो. नंतर नंतर लोक माझ्याआधीच बोलायला लागले.

शंका आली की माझी पद्धत ठरलेली होती. माल वेगळा काढायचा, गेटपाशी ठेवायचा आणि त्यावर माझ्या सहीची लाल चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर कारण लिहायचं नाही. कारण लिहिलं की व्यापारी वाद घालतात. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत त्या मालाला कोणी हात लावायचा नाही. अशी चोख पद्धत!

ही गोष्ट १९७९ च्या मे महिन्यातली. माझी बायको सुभद्रा गेली त्याला वर्ष होत आलं होतं. चौक मोहल्ल्यातल्या भाड्याच्या घरात मी आणि माझी मुलगी बेबी, दोघंच. बेबी सातवी पास झाली होती. स्वयंपाक मीच करायचो, म्हणजे खिचडी करायचो.

"बाबा, आज फिर वही?" बेबी विचारायची.

"आज हळद जास्त आहे," मी सांगायचो.

घरात मराठी बोलायची ती सुभद्राच. ती गेली, आणि बेबी सरसकट हिंदीवर आली. मी तिला मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. बाकी वेळ आम्ही दोघं गप्प असायचो. घर फार शांत झालं होतं.

वर्षाच्या दिवशी घरी बुद्धवंदना आणि भन्तेजींना भोजनदान करायचं ठरलं. लखनऊमधली आपली मंडळी येणार होती, सगळे मिळून पंचवीस जण. त्यासाठी अमरावतीहून सुभद्राची मोठी बहीण द्रौपदीताई आली. तिने आल्या आल्या पिशवी खाली ठेवली, बेबीकडे बघितलं आणि म्हणाली, "काय व बेबी, वाळली किती तू! काय खाते?"

"खिचड़ी," बेबी म्हणाली.

"अन् काल?"

"खिचड़ी."

ताई माझ्याकडे वळली. "भाऊजी, पोरगीले मी घेऊन जातो. शाळा तिकडं हाये, मराठी तिकडं हाये, अन् जेवणही तिकडंच हाये. वर्षाचा दिवस होऊ द्या, मंग बोलू."

मंग बोलू! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बेबी गेली तर घरात हिंदीसुद्धा उरणार नव्हती. मी ठरवलं, हा दिवस असा नीट पार पाडायचा की ताईला म्हणावं लागेल, घर चांगलं चाललंय. मी तिला म्हटलं, "ताई, जेवणाचं तुम्ही सांगा. लागेल ते सामान मी आणवतो."

आदल्या दिवशी मी कारखान्यात होतो, तेव्हा नुकतेच बदलून आलेले आमचे स्टोअरकीपर लक्ष्मीकांत शुक्ला चौकशीला घरी येऊन गेले. फार भला माणूस. दारात ताई होती. ताईची हिंदी अमरावतीची.

"कल हमारी सुभद्रा का बरस है," ताईने सांगितलं. "पच्चीस को शिरा खिलाने का है. घर में काहीच नाही. तुम भेजो."

शुक्लाजींचे डोळे भरून आले म्हणे. "बहनजी, आप चिंता न करें. पुण्य का काम है. शीरा पहुँच जाएगा, और खाने वाले भी."

"खानेवाले तो आनेवालेच हैं," ताई म्हणाली.

संध्याकाळी तिने मला सांगितलं, "तुमच्या हापिसातला मानूस मोठा भला हाये. रवा, साखर, तूप, सगळं धाडतो म्हने." शुक्लाजी भले आहेत हे मला माहीत होतंच. मी जास्त विचारलं नाही.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे शिरा म्हणजे रव्याचा गोड शिरा. उत्तर प्रदेशात शीरा म्हणजे उसाची मळी! साखर कारखान्यातून निघते ती, काळी, चिकट, डांबरासारखी. ती आम्ही पशुखाद्यात मिसळायचो. आणि शुक्लाजींच्या समाजात कोणाची बरसी असली की गाईला खाऊ घालतात. त्यांनी हिशेब सरळ केला. साहेबांना बायकोच्या नावाने पंचवीस जनावरांना मळी खाऊ घालायची आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी जमली. भन्तेजी बसले. भन्तेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे ताई आत कढई घेऊन तयार होती. रव्याचा पत्ता नव्हता.

"भाऊजी, येते ना सामान?"

"येईल, येईल. शुक्लाजींनी शब्द दिलाय."

तेवढ्यात बाहेर घंटा वाजल्या. एक नाही, पुष्कळ. मला वाटलं कोणाची वरात असेल. मी खिडकीतून बघितलं. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हशी! सगळ्यांत पुढे आमचा दूधवाला संग्राम, नवा गमछा खांद्यावर टाकून. त्याच्या मागे हातगाडीवर ड्रम, आणि ड्रमशेजारी अनवाणी पायांनी, हात जोडून शुक्लाजी.

"साहब, गायें पूरी नहीं पड़ीं," संग्राम म्हणाला. "सब रिश्तेदारों की भैंसें ले आया हूँ. पूरी पच्चीस!"

घरात पंचवीस, बाहेर पंचवीस. आणि ड्रमवर माझी लाल चिठ्ठी!

तो ड्रम मी परवाच बाजूला काढला होता. त्याला रंगाचा वास येत होता. आधी त्यात काय भरलं होतं कोणास ठाऊक! मी तसाच बाहेर धावलो.

"शुक्लाजी, ये ड्रम क्यों लाए?"

"आप ही ने तो अलग रखवाया था, साहब. आपके दस्तख़त भी हैं. हम समझे, घर के लिए है."

तोवर घमेल्यांतून मळी वाढून झाली होती. म्हशी पाहुण्यांसारख्या रांगेत उभ्या राहून चाटत होत्या. मी ओरडलो, "मत खाने दो! नमूने का रिज़ल्ट बाकी है!" आणि पहिल्या घमेल्याला लाथ मारली. ही चूक झाली. घमेलं ड्रमवर आपटलं, ड्रम गाडीवरून कलंडला आणि मळी उतारावरून गल्लीभर निघाली. मे महिन्याच्या उन्हात ती चांगलीच पातळ झाली होती. ज्या म्हशींच्या वाट्याला आली नव्हती त्यांच्यापर्यंत मी ती अशी पोहोचवली. मग माझा पाय घसरला आणि मी बसलो. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. एक म्हैस माझी बाही चाटू लागली. जनावर सभ्य होतं, घाई करत नव्हतं.

आता मळीची दारू होते हे पोलिसांना सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. परवान्याशिवाय मळी ठेवता येत नाही. वासावर चौकीतला शिपाई आला.

"यह शीरा किसका है?"

"साहब के घर का," शुक्लाजींनी अभिमानाने सांगितलं.

"भट्टी कहाँ लगाई है?" असं म्हणत शिपाई सरळ घरात शिरला. आत पंचशील चाललं होतं, आणि नेमकं पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं! सगळी मंडळी हात जोडून, डोळे मिटून भन्तेजींच्या मागे म्हणत होती. शिपाई दारातच थबकला. त्याने बेबीला हळूच विचारलं, "बिटिया, ये लोग क्या बोल रहे हैं?"

"शराब न पीने की क़सम खा रहे हैं."

"अरे वाह! छापा पड़ते ही सब खाते हैं. इतनी जल्दी तो आज तक किसी ने नहीं खाई!"

मी मागून आलो, मळी गाळत. मला खुलासा करायचा होता, पण तोंडातून मराठी यायला लागली. ताई कढई घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हवालदारसाब, शिरा हमने मंगाया! पच्चीस लोगों को पिलाने... नाही, खिलाने का था!"

"लो, क़बूल भी कर लिया," शिपाई म्हणाला.

तेव्हा बेबी मध्ये उभी राहिली. एवढीशी पोर! म्हणाली, "अंकल, मौसी की बोली में शिरा माने सूजी का हलवा. शुक्ला अंकल की बोली में शीरा माने ये जो बाबा के कपड़ों पर है. मौसी ने हलवा माँगा, शुक्ला अंकल ने ये भेज दिया. भट्टी हमारे घर में नहीं है. हमारे घर में सिर्फ़ खिचड़ी बनती है."

शिपायाने आत जाऊन पातेलं उघडून बघितलं. सकाळी बेबीने सगळ्यांपुरती खिचडी टाकून ठेवली होती. तिचा शुक्लाजींवर विश्वास होता, पण माझ्या व्यवस्थेवर नव्हता. शिपाई थोडी खाऊन गेला. भन्तेजी वेळेत जेवले. तीच खिचडी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी बाहेर जाऊन, बेबीला हिंदी करायला लावून, संग्रामला सांगितलं, "निकाल येईपर्यंत या म्हशींचं दूध विकायचं नाही."

"साहब, शीरा चाटा है, ज़हर नहीं!"

"ते तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही. म्हणूनच."

"पूरे मोहल्ले का दूध है! लोग चाय में क्या डालेंगे?"

"काळी पितील."

"किस भैंस ने चाटा, किसने नहीं?"

"सगळ्यांचंच बंद."

 संग्रामने सगळ्या म्हशी आमच्या गल्लीत खिडक्यांच्या गजांना बांधल्या. "तो जब तक रिज़ल्ट न आए, आप ही पालिए!" म्हणाला आणि गेला. शेजारचे लोक रिकामे पेले हातात घेऊन दारात उभे राहिले. मला कोणी शिवी दिली नाही. लखनऊ आहे. एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "साहब, आपकी सेहत की दुआ करते हैं. हमारी तो आपने देख ही ली."

ताईने पदर खोचला. "भाऊजी, म्हशीनं काय खाल्लं हे तुमाले दिसते. पोरगीनं काय खाल्लं हे काहून नाही दिसत?"

 बेबी म्हणाली, "मौसी, बाबा मेरा टिफ़िन रोज़ सूँघते हैं. पहले ख़ुद खाते हैं, फिर मुझे देते हैं. क्लास में सब हँसते हैं."

 ताईने म्हशींचं शेण काढायला घेतलं.

निकाल येईपर्यंत ताई पंचवीस म्हशींच्या धारा काढत होती, मी ते दूध गटारात ओतत होतो, आणि बेबी शेजाऱ्यांना कारण समजावून सांगत होती. मग निकाल आला. मळी स्वच्छ होती. ड्रमही स्वच्छ होता. ज्या दिवशी मी वास घेतला त्या दिवशी कारखान्याच्या गेटला नवा रंग दिला होता.

संग्राम म्हशी घेऊन गेला. माझ्याशी बोलला नाही. म्हशींनी मात्र वळून बघितलं.

संध्याकाळी ताईने पिशवी भरायला घेतली. बेबीचे कपडे बाहेरच होते. मी दारात उभा राहिलो. विचारायची हिंमत होत नव्हती.

"पोरगीले नेत नाही मी," ताई म्हणाली. "हिले नेलं तर या गावात तुमचं बोलणं कोणाले समजन? पोलीस तुमाले रोज धरून नेतीन! हिचं इथं काम हाये."

 काहीतरी बोलायला हवं होतं. सुभद्रा असती तर बोलली असती. मी बेबीकडे बघितलं. बेबीने माझ्याकडे बघितलं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, बाबा म्हणतात, एवढ्यात जाऊ नका. अजून राहा."

मी असं काहीही म्हटलं नव्हतं.

ताई जुलैत दसहरी आंबे संपेपर्यंत राहिली.