दिव्यानीची गुपचूप चौकशी

पुण्याहून आलेल्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. एरवी माझ्या गोष्टी नुसत्या राहून जातात. ही मात्र मी ठरवून टाळली होती.

चिमूरजवळच्या आमच्या गावात मी ग्रामपंचायतीचं वाचनालय सांभाळतो. पत्रावर कुठल्याशा प्रतिष्ठानाच्या निवड समितीचा शिक्का होता. तलावावर मासे धरणाऱ्या लटारूची मुलगी दिव्यानी, यंदा बारावीला. तिच्याविषयी विचारलं होतं. स्वभाव कसा? चारचौघांत वागते कशी? आम्ही हजारोंतून मोजक्याच निवडतो. निवड झाल्यास राहण्याजेवणाचा भार आमच्यावर. आणि खाली ठळक अक्षरांत: आपलं उत्तर मुलीला वा घरच्यांना दाखवू नये.

आमच्याकडे मुलीची अशी चोरून चौकशी कोण करतं, हे सांगायला नको. मुलाकडचे लोक गावातला एखादा म्हातारा गाठतात, चहा पाजतात आणि विचारतात, "पोरगी कशी हाय जी?" यांनी तर चहाही वाचवला होता. हजारो मुली नाकारणारा हा नवरदेव मला बैलबाजारात नुसते दात मोजत हिंडणाऱ्या गिऱ्हाइकासारखा वाटला.

दिव्यानीला शिकायचं होतं. मी पत्र शब्दकोशात दाबून टाकलं. तरी राहवेना. तिच्या आईला, बायनाबाईला, आडून विचारलं, "दिव्यानीला कोणी बघायला येणार आहे का?"

तिने मासोळ्यांची टोपली खाली ठेवली. "काऊन जी भाऊ? तुमच्या नजरेत हाय का कोनी?"

"छे, मी आपलं सहज..."

माझं 'सहज' इतकं थरथरलं, की संध्याकाळी लटारू दारात उभा, खांद्यावर ओलं जाळं.

"भाऊ, तुमी पुस्तकवाले मानूस. तुमीच पोरीचं लगन लावाले निघाले?"

"उलट मी थांबवतोय."

"कोनाले?"

"पुण्याच्या लोकांना."

"म्हंजे पुन्याचं स्थळ हाय? आन मले सांगून नाई राह्यले?"

तो थेट पानठेल्यावर गेला. सकाळपर्यंत मुलगा इंजिनियर झाला होता. दुपारी त्याला ऊर्जानगरला वीजकेंद्राचं क्वार्टर मिळालं. माझ्याकडे मात्र लोक दलालाकडे बघावं तसे बघू लागले.

शेवटी दिव्यानीच वाचनालयात आली. "आबाजी, तुमी माह्यं लगन जमवून राह्यले का?"

मी शब्दकोशातून पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, कागद उलटला आणि कपाळाला हात लावला.

"मांगची बाजू काऊन नाई वाचली? लगनाचं नाई, त्या प्रतिष्ठानाच्या कॉलेजचं हाय हे. तुमचं नाव मीच देल्लं. इचारलं होतं न जी, तुमी वाचता वाचता 'हो, हो' म्हनले. मार्क पोचले, निबंध पोचला, फक्त तुमच्या पत्रासाठी अर्ज अडून राह्यला. आज स्पीडपोस्ट केलं तरच टायमावर पोचन." दाराशी ती थांबली. "जाते मी. लिवताना मी इथी नाई पायजे."

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला लिहिता येतंच असं नाही. 'हुशार' लिहिलं, खोडलं. ते तर हजारोंबद्दल लिहिलेलं असणार. 'कष्टाळू'चंही तेच झालं. मग लिहिलं: गेले काही दिवस मी धरून सगळं गाव नुसते अंदाज बांधत हिंडलं. समोर येऊन विचारलं आणि कागद उलटून वाचला, ते हिने एकटीने. तेवढंच. पुरेल की नाही, अशी शंका येण्याच्या आत पाकीट चिकटवलं.

पोस्टमास्तर दादाजींनी पुण्याचा पत्ता दोनदा वाचला. शिक्का मारला. पावती देताना हळूच वाकले.

"भाऊ, पोरगा पीत-बित तं नाई न?"

"चौकशी सुरू आहे," मी म्हणालो, आणि खाली मान घालून बाहेर पडलो.