आधी जेव, मंग नाव सांग

पांडूनानांच्या दारात उभं राहून स्वतःचं नाव सांगायची कुणाची टाप नव्हती. नाव तोंडातून बाहेर पडायच्या आत नाना हाताला धरून आत ओढत. "आधी जेव रे बाला. नाव मंग सांग."

डोंबिवलीत आमच्या शेजारीच त्यांचं घर. मूळचे मिठागरवाले, पण बरीच वर्षं जहाजावर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर एकदा जहाज बिघडलं आणि ग्रीस देशातल्या एका बेटावर, किनाऱ्यालगतच्या गावात नाना महिनाभर राहिले. तेव्हापासून जगातलं जे जे चांगलं ते सगळं तिथलंच. "चुना मारलेली घरां, दुपारी अख्खा गाव झोपलेला. कुत्रा पन भुकत नाय!" तिथल्या एका म्हातारीने नाव न विचारता त्यांना रोज जेवू घातलं होतं. नानांनी ती रीत उचलली ती उचललीच.

त्यांचा एकुलता एक बाळाराम बापासारखाच जहाजावर गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. पोराचा काहीच ठावठिकाणा नव्हता. नाना तो विषय काढू देत नसत.

पोस्टमन, मीटरवाला, वाट चुकलेला, सगळे जेवून जात. आम्हालाही त्याची मजाच वाटे. मग माझ्या बहिणीला बघायला कल्याणहून पाहुणे आले आणि चुकून नानांच्या दारात गेले. आमच्याकडे पोचले ते तांदळाच्या भाकऱ्या नि वालाचं कालवण चापून. नशीब, सोमवार होता, नाहीतर पानात बोंबील पडले असते! कांद्यापोह्यांना कुणी हात लावेना. मुलगी नापसंत, असं समजून आईने डोळ्याला पदर लावला. शेवटी मुलाच्या वडिलांनी खणखणीत ढेकर दिला, तेव्हा उलगडा झाला.

दिवेलागणीनंतर मी तणतणत गेलो. "नाना, नाव विचारायला काय जातं तुमचं?"

नाना नेहमीसारखे हसले नाहीत.

"ती म्हातारी मी जेवीन तवर समोर बसून रवायची. तिचा पोर लढाईत गेलेला, तो आलाच नाय. ती नाव का नाय इचारत, मना तवा कल्ला नाय. आता कल्ला. नाव सांगितला का तो दुसऱ्याचा पोर होतो रे. जेवतंय तवर तरी आपला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. नानांनी पाट मांडला. मी घरून जेवून आलो होतो, तरी बसलो.