वरच्या कप्प्यातले उंदीर

नवराबायकोच्या अबोल्याचा तो दहावा दिवस होता, आणि दोघंही एकाच प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती सूक्ष्मदर्शकापाशी, तो उंदरांच्या खोलीत. भांडणाचं कारण साधं होतं. धाकटी नणंद राहायला येणार हे तिला कळलं, ते नणंद बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा.

"सांगायचं राहून गेलं," तो म्हणाला.

"मग आता काहीच सांगू नकोस!"

नवरा आज्ञाधारक होता. त्याने ते तंतोतंत पाळलं.

गंमत म्हणजे तिच्या संशोधनाचा विषयच मुळी बोलणं हा होता. शरीरात रक्ताखेरीज लसीका नावाचा पाण्यासारखा रस नळ्यांतून वाहत असतो. तो मागे फिरू नये म्हणून नळ्यांत झडपा असतात, आणि झडपांच्या पेशी कनेक्सिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक बोगद्यांतून शेजारणींशी कुजबुजत असतात. हे प्रथिन नसेल तर झडपा नीट घडत नाहीत, रस उलटा फिरतो, पाय सुजतात, असं ती गेली सात वर्षं सांगत आली होती. सोमवारी अनुदान समिती येणार होती. समितीला पटलं तर प्रकल्प पुढे पाच वर्षं चालणार, नाहीतर महिनाअखेरीला कुलूप.

शेवटची चाचणी राहिली होती. वरच्या कप्प्यात प्रथिन नसलेले उंदीर, खालच्या कप्प्यात साधे, धडधाकट. पण त्या दिवशी सकाळी त्याने मांडणी धुवायला काढली, आणि पिंजरे परत ठेवताना वरचे खाली आणि खालचे वर गेले. कोणते उंदीर कुठले हे लिहिलेली पिंजऱ्यांची कार्डं भिजल्यामुळे खिडकीत वाळत होती. पिंजरे पुन्हा हलवले तर उंदीर बिथरतील, आणि तोंडाने सांगायची तर बंदी. म्हणून त्याने दारावर चिठ्ठी लावली: 'कप्पे उलटे झाले आहेत.'

तिने लांबूनच अक्षर ओळखलं. माफी मागत असणार, आणि तीही चिठ्ठीत! तिने ती न वाचताच चुरगळून टाकून दिली. दुपारी चिठ्ठी जागेवर नाही हे बघून तो निश्चिंत झाला.

तिने उंदरांच्या पंजात निळा रंग टोचला आणि बघत बसली. वरच्या उंदरांचा रस शिस्तीत पुढे चालला होता. खालच्या धडधाकटांचा मात्र मागे फिरत होता. तिने तीनदा पाहिलं. सात वर्षांची मेहनत पाण्यात गेली म्हणून तिला रडूच कोसळलं. मग डोळे पुसता पुसता वेगळंच सुचलं. प्रथिन नसलेलेच सुखात, म्हणजे शेजाऱ्याशी न बोलणाऱ्या पेशीच बऱ्या! त्या आठवड्यात हे तिला मनापासून पटलं.

विभागप्रमुख तर हरखूनच गेले. "अहो, बोलण्यानंच घात होतो, हे सिद्ध केलंत तुम्ही!"

"सर, पुन्हा एकदा तपासून बघते."

"त्यात तपासायचं काय? माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली."

त्यांनी संचालकांना कळवलं, संचालकांनी एका वर्तमानपत्राला. सोमवारी सभागृहात वार्ताहरसुद्धा येऊन बसला.

उंदीर सांभाळणारा म्हणून नवरा मागच्या रांगेत होता. पडद्यावर 'वरचा कप्पा: झडपा उत्तम' असं उमटलं आणि तो ताडकन सरळ बसला. जो आधी बोलेल तो हरला, हा त्यांच्या घरचा जुना कायदा. त्याने घाम पुसला. पण बायकोची सात वर्षं डोळ्यांदेखत बुडत होती, ते काही त्याला बघवेना. तो उभा राहिला.

"मॅडम, एक शंका होती."

चौदा दिवसांतलं हे त्याचं तिच्याशी पहिलं वाक्य. "विचारा," ती थंडपणे म्हणाली.

"कप्पे उलटे झाले होते, ते हिशेबात धरलंत ना? मी चिठ्ठी लावली होती."

"चिठ्ठीत ते होतं?"

"मग आणखी काय असणार?"

तिला काय वाटलं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तिने तक्त्यातली नावं वरची खाली केली, आणि सात वर्षांचं म्हणणं ठणठणीत उभं राहिलं. वार्ताहराने वही मिटली. विभागप्रमुख छताकडे बघू लागले.

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे कुठला उंदीर कोणता, हे बघणाऱ्यांना शेवटपर्यंत ठाऊकच नव्हतं?"

"नव्हतं," ती पुटपुटली.

"आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी अवाक्षर काढलं नाही?"

"नाही," तो ओशाळून म्हणाला.

"आपल्याला हवं तेच दिसू नये म्हणून इतकी कडक शिस्त! मी तरी कुठे पाहिली नाही."

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्यावर उखडली. "चिठ्ठ्या कसल्या लावतोस? हाक मारायची!"

"तूच म्हणाली होतीस की..."

"मी म्हणेन काहीही!"

मग दोघंही हसली, आणि सगळी थकबाकी भरून काढल्यासारखी आठवडाभर बोलत राहिली.

आठवड्याने पत्र आलं. पाच वर्षांचं अनुदान मंजूर. अट एकच, ती विभागप्रमुखांनी दोघांना समोर बसवून वाचून दाखवली. उंदीर सांभाळणारे आणि निरीक्षण करणाऱ्या, यांनी प्रकल्प संपेपर्यंत कामावर व कामाबाहेर परस्परांशी कोणताही संवाद ठेवू नये.

"तुम्हाला काय, सवय आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं. नवऱ्याकडे पाहिलं, आणि परत टेबलावर ठेवलं.

"सर, सह्या उद्या केल्या तर चालेल? आज आम्हाला जरा बोलायचंय."

"किती वेळ लागेल?"

"पाच वर्षांचं उरकायचंय," ती म्हणाली.