पाच बदकं आणि एक जावई

"येत्या रविवारी बदकाचा रस्सा! तुझ्या आईला मसाला वाटून ठेवायला सांग!" असं धनेशने बायकोला जाहीर केलं, तेव्हा त्याच्या नावावर आयुष्यभरात एकच शिकार जमा होती. झुरळाची. तेही नंतर उठून चालायला लागलं होतं म्हणतात.

पण रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपली की धनेश मोबाइलवर परदेशातल्या बदकशिकारीचे व्हिडिओ बघायचा. महिनाभर बघितलं की शिकार येतेच! टीव्हीसमोर बसून सगळ्यांना नाही का फलंदाजी येत?

"अहो, पाखरं मारायला बंदी आहे," पूजा म्हणाली. "माझ्या बाबांचा जन्म खाडीवर गेला, त्यांनी कधी बंदुकीला हात लावला नाही."

"बंदी वाघाला असते गं! बदक म्हणजे काय, कोंबडीची चुलतबहीण!"

कायद्याचा असा सखोल अभ्यास झाल्यावर खरेदी निघाली. एक छऱ्यांची बंदूक, वाळक्या पानांचं चित्र असलेले कपडे आणि बदकासारखी ओरडणारी शिट्टी. खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर नकली बदकं सोडायची असतात, ती मात्र कुठे मिळेनात. मग पेणला मिथुनच्या गणपतीच्या कारखान्यात ऑर्डर गेली. मिथुनने कागदाच्या लगद्याची, खाली थर्मोकोल लावलेली पाच बदकं घडवली. रंग फर्स्टक्लास! फक्त हात गणपतीवर बसलेला, त्यामुळे डोळे तसेच आले. मोठे, प्रसन्न, भक्ताकडे बघणारे.

रविवारी भल्या सकाळी धनेश कासू गावाच्या पुढे खारेपाटात, खाडीकाठी सासरी हजर झाला. सासरे कमळाकर मिठागरात हयात घालवलेला माणूस. जावयाचा अवतार बघून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला गावच्या तळ्यावर नेलं.

"जावई, त्या चिखलात शिरू नका."

"मामा, शिकाऱ्याला चिखल आवडतो!"

"चिखलालाबी शिकारी आवडतो," कमळाकर म्हणाले आणि बांधावर विडी ओढत बसले.

धनेशने पाच बदकं पाण्यात सोडली, तिवराच्या झुडपामागे त्यांच्याकडे तोंड करून दबा धरला आणि जोरात शिट्टी फुंकली. एक म्हैस आली. नवशिक्या डॉक्टरकडे पेशंट बघतो तसं तिने त्याच्याकडे बघितलं आणि निघून गेली. एव्हाना तो गुडघ्यापर्यंत रुतला होता. दुसऱ्या शिट्टीपर्यंत मांड्या गेल्या. तिसरी फुंकणार तोच बांधावर माणसं दिसली. खांद्याला दुर्बिणी अडकवलेले चार हौशी पक्षिमित्र आणि पुढे खाकी कपड्यातली वनरक्षक मनस्वी! नेमकी त्याच रविवारी पक्षिगणना होती.

धनेशने श्वास रोखला. बाकीचं सगळं चिखलाने रोखलंच होतं.

"काका, या तळ्यावर पक्षी असतात का?" मनस्वीने विचारलं.

"हायेत की, पर तिकडं खाडीच्या तोंडाला!" कमळाकर घाईघाईने उठले. "इकडं काय नाय! चला, दावतो!"

"मॅडम, ही बघा पाच!" एक पक्षिमित्र ओरडला. "कुठली जात आहे? पुस्तकात नाही हो! डोळे बघा केवढाले!"

दुर्बिणी लागल्या, फोटो निघाले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली.

"मॅडम, एकाचीही मान हलत नाही. पापणीसुद्धा नाही."

"आजारी असतील?"

"बर्ड फ्लू!"

हा शब्द निघाला आणि मनस्वीने फोन काढला. "डॉक्टर, टीम घेऊन या. हो, संशयित. निदान झालं तर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतील ना? गावात किती असतील, काका?"

कमळाकरांच्या तोंडातली विडी पडली. गावात कुणाच्या किती ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या अंगणात बायकोच्या, धोंडुबाईच्या, तीस होत्या. प्रत्येकीला नाव होतं. नवऱ्याला धोंडुबाई "ओ" म्हणायची, कोंबड्यांना "सोन्या".

झुडपामागे धनेश कात्रीत सापडला. बाहेर पडावं तर वनखातं. लपून राहावं तर सासूबाई. त्याने नीट विचार केला. तुरुंगातून माणूस कधीतरी सुटतो.

तेवढ्यात कमळाकरांनीच बोंब ठोकली, "जावई, भायेर या! सासूच्या कोंबड्या चालल्या!"

"फोन ठेवा मॅडम! ती कागदाची आहेत!" झुडूप ओरडलं.

एक पक्षिमित्र खाली बसला. झुडपातून दोन हात आणि काळंभोर तोंड वर आलं. "पेणहून आणलीत! मिथुनला विचारा! मला आधी बाहेर काढा!"

"काहीतरी धरायला पुढे करा!" मनस्वी म्हणाली.

धनेशने हाताला लागलं ते पुढे केलं. बंदूक! गुन्ह्याचा पुरावा आपल्या हाताने सरकारजमा करणारा पहिला आरोपी तोच असावा. चौघांनी आणि सासऱ्यांनी बंदूक धरून त्याला ओढलं. तो आला, डावा बूट राहिला.

"छरे कुठे आहेत?" मनस्वीचा आवाज आता थंड होता.

धनेशने खिशातली डबी दिली. तिने उघडली. आत पांढराशुभ्र, काटेरी, तिळाचा हलवा! संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. हलव्याखाली चिठ्ठी होती, पूजाच्या अक्षरात: "कोणी पकडलं तर गोड बोला."

मनस्वी ओठ दाबून लांब बघत राहिली. मग तिने बंदूक ताब्यात घेतली, पुन्हा असं करणार नाही म्हणून लेखी घेतलं, आणि कडक शब्दांत सांगितलं की छरे असते तर आज गाडी रोह्याऐवजी कोर्टाकडे वळली असती. धनेशने हलवा पुढे केला. तिने दोन दाणे घेतले.

"आता गणनेला मदत करा. सकाळपासून इथे आहात. बदकं किती दिसली?"

"खरी?"

"खरीच."

"एकही नाही."

मनस्वीने दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि खांदे धरून त्याला मागे वळवलं. खाडीच्या तोंडाशी पाणी दिसतच नव्हतं. नुसती बदकं! तीन-चारशे तरी असतील. बुडत होती, पंख झाडत होती, एकमेकांवर खेकसत होती.

"ही कधी आली?"

"उजाडल्यापासून हायेत," कमळाकर म्हणाले. "तुमी पाठ करून बसलावता."

धनेशने दुर्बीण बराच वेळ खाली घेतली नाही. दृश्य खरोखरच सुंदर होतं. शिवाय दुर्बिणीमागे निम्मं तोंड लपतं!