टळलेल्या अपघातांची खबर

आमच्याकडे नवा फोन आला आणि शेजारचे शिर्केभाऊजी त्यावरून जंगल खात्याला कळवू लागले, की पादऱ्याच्या रस्त्यावर आज एक मुंगूस मेलं नाही.

हो, मेलं नाही. गाडीखाली मेलेली जनावरं ते कळवायचेच, पण निसटलेलीही कळवायचे. पलीकडचा कारकून वैतागून गुजरातीत विचारी, "काका, बची गयुं तो फोन शेनो?" वाचलं, तर फोन कशाचा! भाऊजी शांतपणे जागा, वेळ, जनावर पुन्हा पहिल्यापासून सांगत. तोवर माझी भाजी करपे. त्यांची सगळी नोकरी कोयलीला, रिफायनरीच्या सुरक्षा विभागात गेली. तिथे झालेल्या अपघातासारखाच टळलेला अपघातही कळवावा लागे. निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही.

"वहिनी, आज वाचलं, तिथेच उद्या मरणार," म्हणत.

एकदा पावसाळ्यात पादऱ्याच्या शाळेतून परतताना माझी बस चुकली आणि मला दुर्बुद्धी सुचली. मी त्यांच्या स्कूटरवर बसले. तळ्याच्या वळणाशी त्यांनी करकचून ब्रेक मारला. समोर रस्त्यावर मगर पसरलेली, चांगली माणसाएवढी. मी रामरक्षा सुरू केली. भाऊजींनी डिकीतून कारखान्यातला लाल झेंडा काढला आणि वळणाकडे तोंड करून उभे राहिले. पाठ मगरीकडे! वळणापलीकडून ट्रकचा आवाज जवळ येत होता.

बाजूला व्हा म्हणून मी ओरडत होते. ते हलले नाहीत. ट्रक दिसला, हॉर्न वाजला, चाकं चिखलात घसरली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बंपर त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता आणि झेंडा तसाच वर. मगरबाई सावकाश गवतात उतरल्या. ड्रायव्हर जे बोलला, ते गुजराती मी वर्गात शिकवू शकत नाही.

वासण्याला घरी पोचेपर्यंत मी संतापाने धुमसत होते. जरा वेळाने भाऊजी नेहमीसारखे आले, मगर कळवली, फोन ठेवला. पण गेले नाहीत.

"अजून एक कळवायचंय," म्हणाले. "पादरा रोड, तळ्याचं वळण. शिर्के. थोडक्यात बचावले."

"हे जंगल खात्याला?"

"नाही, तुम्हाला. ही गेल्यापासून घरी कळवायला कोणी नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"हं, सांगा," म्हटलं. "पहिल्यापासून."