वाणात गेलेलं जाझ

“अहो, हे खोकं कसलं?”

कृष्णरावांनी इथे खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर गोष्ट याच ओळीत संपली असती आणि बरंच झालं असतं.

खोक्यात बावीस रेकॉर्डी होत्या. सगळं जाझ. महूचं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीच्या आठवड्यात इंदूरच्या तुकोगंजातल्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून कृष्णराव त्यांच्याकडे गेले आणि हे घेऊन आले. त्यातली एक रेकॉर्ड नव्या तऱ्हेची होती. होतं जाझच, पण त्यात विजेची गिटार आणि मागे चक्क तबला! तिची अर्धी बाजू ऐकून झाली आणि सामान बांधणाऱ्यांनी वाजतावाजताच प्लेअर उचलून नेला. उरलेल्या अर्ध्या बाजूत काय असेल, याचाच विचार करत ते महूपासून बसमध्ये उभे होते.

आणि दिवाळीत त्यांनी बायकोला शब्द दिला होता की यापुढे घरात एकही रेकॉर्ड येणार नाही. लोणच्याच्या बरण्यांना जागा उरली नव्हती.

“वाण,” कृष्णराव म्हणाले.

“काय?”

“तुझ्या हळदीकुंकवाचं. दर साल तेच कंगवे, त्याच चाळण्या. म्हटलं, यंदा काही नवीन लुटू दे.”

कुमुदिनी खाटेवर बसलीच. हळदीकुंकू म्हटलं की हा माणूस बारा वर्षं सायकल काढून पसार होत आला होता.

“सच्ची? माझ्यासाठी आणलंत?”

इथे आणखी एक संधी होती. तीही गेली.

बेत साधा होता. हळदीकुंकू रविवारी. शनिवारी बाजारातून बावीस प्लॅस्टिकच्या वाट्या आणायच्या आणि गुपचूप अदलाबदल करायची. पण रविवार शेजारच्या शारदाबाईंनी आधीच धरला होता, म्हणून कुमुदिनीने गुरुवार केला. गुरुवारी संध्याकाळी कृष्णराव घरी आले तेव्हा खोक्याच्या तळाशी फक्त हलव्याचे चार दाणे उरले होते.

“बायका इतक्या खूश झाल्या म्हणून सांगू! मी बोलली, यांनी स्वतः महूहून आणलं. सगळ्या बघतच राहिल्या माझ्याकडे.”

तिचा चेहरा असा काही उजळला होता की कृष्णरावांनी तोंड मिटून घेतलं. शनिवारी त्यांनी वाट्या मात्र आणल्या. पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि निघाले.

*

शारदाबाई. रेकॉर्ड माठावर झाकण म्हणून. मधल्या भोकात कागदाचा बोळा.

“वाण परत? मतलब काय, भावजी? सवाष्णीला दिलेलं कुणी मागतं का?”

*

इंदिराबाई. रेकॉर्ड परसातल्या पेरूला टांगलेली, वाऱ्यावर गरगरत.

“पोपट बिलकुल येत नाहीत आता, भिया,” त्यांचे यजमान कौतुकाने म्हणाले. “ऐसी चीज बाजारात मिळत नाही.”

*

तिसऱ्या घरी वाटी ठेवून घेतली. रेकॉर्ड दिली नाही.

*

वाण आहे, वाण आहे, वाण आहे, वाण

(सुई अडकली. अठरा घरं पुढे सरकवू.)

*

बाविसावं घर मंगलाबाईंचं. फाटकाशीच कृष्णरावांचा पाय थबकला. आतून तबला ऐकू येत होता. तबल्यावर विजेची गिटार.

मंगलाबाईंचे सासरे नानासाहेब कधीकाळी होळकरांच्या फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आता ते प्लेअरशेजारी आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते.

“कोण?”

“मी कृष्णराव. पलीकडच्या गल्लीतला.”

“बसा. बोलू नका. पंचवीस वर्षं झाली, या गावात असं काही कानावर नाही पडलं.”

कृष्णराव बसले. सहा वर्षं ते दार लावून, आवाज बारीक करून जाझ ऐकत होते. इंदुरात हे कुणाला कळणार, म्हणून. आणि कळणारा माणूस पलीकडच्याच गल्लीत बसला होता. या सहा वर्षांचं काय करायचं, ते त्यांना समजेना.

ऐकलेली अर्धी बाजू सरत आली. तेवढ्यात दारात कुमुदिनी उभी राहिली.

“शारदाबाई बोलल्या ते खरं? घरोघर वाण परत मागत फिरताय?”

कुमुदिनीने कृष्णरावांच्या पायाशी ठेवलेली वाट्यांची पिशवी पाहिली. फिरती रेकॉर्ड पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

“म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच आणलेलं.”

“श्श!” नानासाहेबांनी डोळे न उघडताच बोट उचललं. “बाई, बसा. खरी मजा इथून पुढे आहे.”

कुमुदिनी समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली. न ऐकलेली अर्धी बाजू सुरू झाली. दहा मिनिटांची असेल. कृष्णरावांना त्यातला एकही सूर ऐकू आला नाही. एवढंच वाटत होतं की ही रेकॉर्ड कधी संपूच नये.